प्रतिसाद: १७ जून १९२८ चं ग्रहण इतकं किरकोळही नव्हतं

'इतक्या फुटकळ ग्रहणाची नोंद तरी कशाला?' असं वर विचारलंय. खरंय, त्या दिवशी जिथे जास्तीत जास्त ग्रहण दिसणार होतं तिथेही सूर्याच्या व्यासाचा जेमतेम पावणेचार टक्के भाग झाकला गेला. नुसता ओरखडाच. पण १५५ क्रमांकाच्या सारोस मालिकेचं हे पहिलंच ग्रहण.

सारोस म्हणजे १८ वर्षं ११ दिवस आणि वर साधारण ८ तास; इतक्या अंतराने एकामागून एक येणाऱ्या ग्रहणांची एक मालिका धरतात आणि तिला क्रमांक देतात. (मधल्या लीप वर्षांप्रमाणे कधी १० दिवस.) या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचं ग्रहण त्याच जागी न दिसता बरंच पश्चिमेला सरकतं. या मालिकेत सावली दर खेपेला थोडी दक्षिणेकडेही उतरते. २० जुलै १९८२ ला सूर्य निम्म्याच्या जवळ झाकला, ११ ऑगस्ट २०१८ ला जवळपास पाऊण. तीही खंडग्रासच. पहिलं खग्रास थेट १२ सप्टेंबर २०७२ ला!

आणखी एक गंमत. त्याच १९२८ मध्ये महिनाभर आधी, १९ मेला, ११७ व्या मालिकेचं ग्रहण होऊन गेलं होतं. लागोपाठच्या दोन अमावास्यांना सूर्यग्रहण झालं की मालिका क्रमांकांत ३८ चाच फरक पडतो. करा वजाबाकी.