बोरघाटातल्या जुन्या हायवेला शिंग्रोबाचं नाव द्यावं का?

खोपोलीकर:
जुन्या हायवेच्या खोपोली ते खंडाळा चढाला शिंग्रोबाचं नाव द्या, असा अर्ज करायचं आमच्या आळीत चाललंय. गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. इंग्रजांना डोंगरातून वाट सापडेना, शिंग्रोबा धनगराने ती दाखवली. बक्षीस विचारलं तर म्हणाला, आमचा देश सोडा. साहेबाने गोळी घातली. घाटात देऊळ आहे, पण एक्स्प्रेस वे झाल्यापासून बहुतेक गाड्या तिकडून जातच नाहीत. पुतण्याला शिंग्रोबा कोण, हे सांगावं लागलं. अर्ज कुणाकडे करायचा?

जुनी_कागदं:
आधी ठरवा, वाट कशाची दाखवली? घाटातला गाडीरस्ता १८३० चा, माल्कम गव्हर्नर असतानाचा. रेल्वे १८६३ ची. कुणी शिंग्रोबाला रस्त्याशी जोडतं, कुणी रेल्वेशी. रेल्वेच धराल, तर ठेकेदार ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला आणि काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, तडीस नेलं. १८६१ मध्ये तिथे चाळीस हजारांवर मजूर राबत होते. त्यांतल्या एकाचं तरी नाव येतं का आपल्याला? सरकारी पाटीवर लोककथेला इतिहास म्हणू नका, एवढंच.

लालपरीवाले_मामा:
अहो कागदवाले, घाटातून जाताना शिंग्रोबाच्या देवळापुढे नाणं टाकतात, तेव्हा कुणी सन विचारत नाही! मी रातराणी चालवायचो. घाट लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर, कंडक्टर खिडकीशी. नवखा पोरगा विसरला तर मागून एखादी आजी ओरडायचीच, "अरे, शिंग्रोबाला टाकलंस का?"

आता पाटीचं. एक्स्प्रेस वेला यशवंतराव चव्हाणांचं नाव आहे. "यशवंतराव चव्हाण मार्गाने आलो" म्हणणारा एक ड्रायव्हर दाखवा, चहा माझ्याकडून. उलट त्या जुन्या पुलावर बामची जाहिरात होती, तर अख्खा महाराष्ट्र त्याला अमृतांजन पूल म्हणायचा. ठराव ना बिराव. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पूल पाडला, तरी गाडी बंद पडली की अजून "अमृतांजनजवळ" असंच सांगतात. शिंग्रोबाचंही तसंच. ट्रक कुठे अडकलाय? शिंग्रोबाच्या खाली. त्याचं "वीर शिंग्रोबा मार्ग" केलंत की उद्घाटन आलं, फ्लेक्स आला, फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा हे भांडण आलं. त्यापेक्षा देवळाशी गाडी बाजूला घ्यायला धड जागा मागा. लोक वळणावरच थांबून पाया पडतात आणि वरून कंटेनर उतरत असतो. ब्रेक तापलेला असला तर तो काय करणार?

घाटमाथा:
खोपोली रायगडात, खंडाळा पुण्यात. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत फिरावं लागणार. खोपोली आणि लोणावळा, दोन्ही नगरपरिषदांचे ठराव जोडा, वजन पडतं. पण महामार्ग त्यांचा नाही, नाव काही त्या देऊ शकत नाहीत. नुसता माहितीफलक मागितलात तर लवकर जमेल.

खोपोलीकर:
मामा, जागेचं पटलं. पण पोरांच्या कानावर नाव कसं पडणार? आता तर नाणं टाकायला गाडीची काच उतरवायलाही कुणी तयार नाही. फलक मागतो. "अशी लोककथा सांगतात" हे त्यावर असेल, कागदवाल्यांनी मजकूर तपासून द्यावा. रस्त्याच्या नावाचं आळीत परत विचारतो, धनगरवाड्यातल्या मंडळींना तेच हवंय.

लालपरीवाले_मामा:
त्यांना हवं असेल तर मी कोण नाही म्हणणारा. फक्त अर्जात गाड्या लावायच्या जागेचं आधी लिहा, नावाचं नंतर. सही करतो.