‘कोरम’ हा शब्द मुळात आला कुठून?

तिसरा मजला:
काल गच्चीवर सोसायटीची वार्षिक सभा झाली. वेळ दहाची. साडेदहापर्यंत अकरा डोकी, त्यातले तीन भाडेकरू. सेक्रेटरी म्हणाले, “कोरम नाही, सभा तहकूब.” म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी भरली नाही. अर्ध्या तासाने त्याच खुर्च्या, तीच माणसं, मध्ये फक्त चहा झालेला, आणि रंगकामाचं इस्टिमेट मंजूर! नियमात बसतं, ठाऊक आहे, भांडायला आलेलो नाही. कुतूहल शब्दाचं आहे. कोरम, डेकोरम, फोरम एकाच घरातले का?

पेन्शनर बापू:
छे. तिन्ही लॅटिन, पण नातं नाही. डेकोरम म्हणजे शोभेलसं वागणं. फोरम म्हणजे रोमन लोकांचा चौक. कोरम तर मुळात नामच नाही, नुसतं सर्वनाम आहे, तेही षष्ठी बहुवचन: ‘ज्यांच्यापैकी’. शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी ‘येषाम्’ आठवावं.

इंग्लंडचा राजा परगण्यासाठी दंडाधिकारी नेमायचा, त्याची सनद लॅटिनमध्ये असे. यातले बरेचसे जमीनदार, कायद्याची ओळख बेताचीच. म्हणून काही जाणत्यांची नावं घालून सनदेत लिहीत, की महत्त्वाच्या कामाला ‘ज्यांच्यापैकी एक तरी हजर हवाच’. त्या वाक्याच्या तोंडीच ‘कोरम’, म्हणून त्या जाणत्यांनाच कोरम म्हणू लागले. पुढे लग्नपत्रिकेत निमंत्रक वाढावेत तशी मानापानापायी जवळजवळ सगळ्यांचीच नावं त्यात आली. मग ‘कोण’ला अर्थ राहिला नाही, ‘किती’ उरलं.

फाइल पुढे सरकवा:
आकड्यांचीही गंमत आहे. राज्यघटनेच्या कलम 189 नुसार विधानसभेला दहा सदस्य किंवा एक दशांश, जे जास्त असेल ते. म्हणजे आपल्या 288 मध्ये 29. सोसायटीच्या उपविधीत उलट: दोन तृतीयांश किंवा 20, जे कमी असेल ते. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला साडेसहाशेत 40 पुरतात, लॉर्ड्सना तर तीन. कागदोपत्री शब्द ‘गणपूर्ती’, पण तो बोलताना अजून तरी कुणी भेटलेलं नाही.

तिसरा मजला:
बापू, झकास! कन्या विचारतेय, अनेकवचन ‘कोरा’ का?

पेन्शनर बापू:
नाही. डेटमचं डेटा होतं, कारण ते नाम आहे. हे नाम नव्हतंच, त्यामुळे इंग्रजीत सरळ ‘कोरम्स’. आणि अकरात ते भाडेकरू धरले होते का हो? ते सभासद नाहीत, कोरममध्ये मोजत नाहीत.