विषय: सोलापूरहून श्टुटगार्टला येतोय, मंडळाच्या कामात कुठे बसू?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं जुलैअखेर सोलापूरहून श्टुटगार्टला येतोय. इथे गल्लीच्या गणेश मंडळात आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत स्वयंसेवक म्हणून काम केलेलं आहे. तिथे तुमच्या मराठी मंडळातही हात लावायची इच्छा आहे. तीन प्रश्न आहेत. आल्या आल्या कोणती कागदपत्रं आधी करावीत, म्हणजे मंडळाचं काम अडणार नाही? सप्टेंबरच्या गणेशोत्सवात नवख्यांनी कोणतं काम घ्यावं? आणि इथून काय आणू? शेंगाचटणी आणू की ओ? कडक भाकरी, लेझीम, हलगी, शाडूची मूर्ती, सगळं मिळतंय इथे. बॅगा दोघांच्या मिळून चार.

– मेकॅनिकी चौकातून दोघं

———

नमस्कार दादा-ताई,

कागदांचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर लोंबकळत असतं.

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोत, म्हणजे नागरिकांच्या सरकारी कार्यालयात, पत्ता नोंदवायचा. याला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट आणि भाडेकरार असून भागत नाही, घरमालकाने सही केलेला ‘हे माझ्याकडे राहायला आले’ असा वेगळा दाखला लागतो. लोक नेमके तोच विसरतात आणि खिडकीवरून परत येतात. किल्ली हातात घेतानाच सही करून घ्या. अपॉइंटमेंट दोन आठवड्यांत मिळाली नाही तर बुकिंगचा ईमेल जपून ठेवा.

त्याच दिवशी दुसरं काम: टपालपेटीवर आणि बेलच्या पाटीवर दोघांचीही आडनावं लावा. इथे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि कर-क्रमांक, बँकेचं कार्ड, विमा कंपनीचं पत्र हे सगळं पोस्टानेच येतं. दोघांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा. नवऱ्याचं एकच नाव लावून बायकोचं कार्ड दोनदा परत गेल्याची उदाहरणं या यादीवर पुष्कळ सापडतील.

रेडिओ-टीव्हीचं शुल्क घरटी महिना १८.३६ युरो आहे. टीव्ही नसला तरी भरायचं, आणि एका घराला एकदाच. दोघांच्या नावाने दोन पत्रं आली तर दुसऱ्याला पहिल्याचा क्रमांक कळवून मोकळं व्हायचं. गाडी-बसचा डॉइचलांडटिकिट पास सध्या महिना ६३ युरो आहे, पण ती वर्गणी असते. पुढच्या महिन्यात नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते.

जबाबदारीचा विमा, म्हणजे हाफ्टफ्लिष्ट, पहिल्याच महिन्यात काढा. मंडळाचा स्वतःचा विमा असला तरी तुमच्या हातून शेजाऱ्याच्या छतात पाणी मुरलं तर मंडळ काही करू शकत नाही.

मराठी शाळेत मुलांना शिकवायचं असेल तर गुन्हे-नोंद नसल्याचा विस्तारित सरकारी दाखला लागतो. मंडळाचं पत्र जोडलं तर स्वयंसेवकाला त्याची फी नाही, पत्राशिवाय १३ युरो. पत्र आमच्याकडून आधी मागून घ्या, मगच खिडकीवर जा.

आता घराचं. श्टुटगार्टात केअरवोखं नावाची पद्धत आहे, केर काढायचा आठवडा. शब्द लक्षात ठेवायला मराठी माणसाला सोपा. दारावर पाटी अडकवली की तो आठवडा तुमचा: जिना झाडायचा, पुसायचा, आणि मोठी पाळी असेल तर अंगण, फुटपाथ, हिवाळ्यात बर्फसुद्धा. संपल्यावर पाटी शेजारच्या दारावर लावायची. कोणी कधी बोलून दाखवणार नाही, पण बाहेरच्या माणसाचं माप इथे याच्यावर काढतात.

भाषेबद्दल एकच. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच. १९३८ साली चीनला गेले तेव्हा चिनी येत नव्हती, तिथे राहून शिकले. तुम्हाला तर इथे संध्याकाळचे वर्ग आहेत. हॉलच्या हाउसमाइस्टरशी, म्हणजे राखणदाराशी, इंग्रजीत बोललं तर काम होतं. मोडक्या जर्मनमध्ये बोललं तर किल्ली अर्धा तास आधी मिळते.

– सदस्य-नोंदणीचं काम पाहणारा

———

नमस्कार,

दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देते. पहिल्या वर्षी स्टेज, निवेदन, सजावट यातलं काही घेऊ नका. त्याला माणसं आपोआप मिळतात. कोठार घ्या. भांडी, वायरी, रिकाम्या बाटल्या, कचऱ्याच्या पिशव्या आणि हॉलची किल्ली, एवढंच. कंटाळवाणं आहे, पण या एका कामात हे शहर कसं चालतं ते सगळं कळतं.

यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. इथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातली शाळांची उन्हाळी सुट्टी १२ तारखेला संपते, म्हणून उत्सव १९ तारखेच्या शनिवारी. गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तेव्हा निम्मी कुटुंबं भारतात असतात, हे तारीख ठरवणाऱ्याने आधी बघायला हवं. सप्टेंबरअखेर शहरातल्या कानश्टाट भागातली मोठी जत्रा सुरू झाली की त्या बाजूला गाड्या तुडुंब, त्यामुळे फार उशीरही परवडत नाही.

हॉलमध्ये चार गोष्टी बिघडतात, दरवर्षी त्याच.

पहिली वीज. साध्या प्लगची लाइन १६ अँपिअरची असते, २३० व्होल्टला ३६८० वॉट. २००० वॉटचा भाताचा कुकर आणि २००० वॉटची चहाची किटली एकाच लाइनवर लावली की फ्यूज उडू शकतो, आणि नेमका आरतीच्या वेळी, कारण तेव्हाच दोन्ही चालू असतात. वेगळ्या भिंतीचे प्लग म्हणजे वेगळी लाइन असं धरू नका. हाउसमाइस्टरकडून फ्यूजपेटी बघून घ्या आणि चिकटपट्टीवर लाइनचा नंबर लिहून प्रत्येक प्लगजवळ लावा.

दुसरी, धुराची घंटा. छतावरचे सेन्सर हवेतले बारीक कण ओळखतात. कापराची काजळी, धूप, मिरचीची करपलेली फोडणी, त्याला सगळं सारखंच. एकदा का थेट जोडलेली घंटा वाजली की अग्निशमन दल येतंच, आणि खोट्या फेरीचा खर्च हॉल घेणाऱ्याच्या माथी येतो. सेन्सरला पिशवी बांधणं हा उपाय नाही, ते बेकायदा आहे. आधी लेखी विचारायचं. परवानगी मिळाली तर वाळूच्या ताटात एकच निरांजन. कापूर आरती अंगणात.

तिसरी, रिकाम्या बाटल्या. पाण्याच्या एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. २०० बाटल्या कचऱ्यात टाकल्या तर ५० युरो टाकले. वेगळी पिशवी, वेगळा माणूस. बाटली चेपायची नाही, मशीनला पट्ट्यांचा कोड वाचता आला पाहिजे. हे पोरांना सांगून ठेवा, त्यांना चेपायला फार आवडतं.

चौथी, मोरी. तांदळाचं पाणी आणि तेल एकत्र ओतलं की जाळीखाली लगदा बसतो. तेल परत डब्यात, तेही घट्ट झाकणाच्या.

दहाच्या ठोक्याला आवाज बंद. पावणेदहाला आवरायला घ्या, ‘एक शेवटचं’ कोणी म्हटलं तरी.

– कोठार व हॉल

———

हॉलवाल्या ताईंचं झालं, आता स्वयंपाकघर.

चटणी आणा. शेंगाचटणी सुकी असते, तिला अडचण नाही. पण उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटतं आणि ते कागदातून कपड्यांत उतरतं. दोन जाड पिशव्या, मध्ये वर्तमानपत्र. १२० माणसांना माणशी ८-१० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलो पुष्कळ.

मात्र ती वाढायची कशी हे नीट ऐका. शेंगदाणा हा इथल्या कायद्यातल्या १४ ॲलर्जी-पदार्थांपैकी एक. तीळ, दूध, गहू आणि मोहरीही त्यातच. म्हणजे आपली फोडणी घातलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू ॲलर्जीच्या पाटीवर येते. चटणी वेगळ्या टेबलावर, स्वतःच्या चमच्यासह, झाकून. तो चमचा कोशिंबिरीत गेला की संपलं. काही मुलांना शेंगदाण्याच्या कणाने श्वास कोंडतो. हे खवचटपणाने घेऊ नका.

आणखी एक छुपी गोष्ट, हिंग. डबीतला बांधणीचा हिंग बहुधा गव्हाच्या पिठात मुरवलेला असतो. ज्वारीची भाकरी गव्हाशिवायची म्हणून कोणी विश्वासाने घेतं आणि शेजारच्या आमटीत गहू निघतो. एक तर हिंगाशिवाय आमटी करा, नाहीतर तांदळाच्या पिठातला हिंग घ्या आणि डबीची मागची बाजू वाचा.

भाकरी करणार असाल तर पीठ इथल्या भारतीय दुकानातही मिळतं, पण ते जुनं असतं आणि थापताना कडा फाटतात. मग पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, पाच मिनिटं झाका आणि गरम असतानाच मळा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची चव येणार नाही, पण भाकरी अखंड राहील. इथल्या हॉलमध्ये शेगडी काचेची, जाळ नाही. भाकरी फुगवायला ओल्या फडक्याने तव्यावरच कडेकडेने दाबायची. एवढं करण्यापेक्षा कडक भाकरी आणणं बरं. चपट्या डब्यात, वर-खाली चादरीचा थर देऊन. तुम्हा सोलापूरकरांना चादर कमी नाही.

आणायचं नाही ते: पेढे, खवा, तूप, पनीर. दुधाचं काहीही युरोपात बाहेरून आणता येत नाही, मटणाचंही तसंच. तूप म्हणून इथे दुकानात बुटरश्माल्त्स मिळतं, लोणीच कढवलेलं. श्रीखंडाला क्वार्क, म्हणजे इथला चक्का, घ्या, पाकिटावर ४० टक्के चरबी लिहिलेला (हे प्रमाण पाणी वगळून उरलेल्या भागातलं). टांगायची गरज नाही, किलोला ५०० ग्रॅम पिठीसाखर पुरते. बिनचरबीचा घेतला तर श्रीखंड खडबडीत आणि आंबट होतं.

विड्याची पानं, दूर्वा, फुलं, आंबे हे दाखल्याशिवाय आणू नका. नारळ आणि केळी यांना दाखला लागत नाही. पण सुकं खोबरं आणि कापूर मात्र विमानातच चालत नाहीत, दोन्ही पेट घेणाऱ्या वस्तू. मुंबईला बॅग उघडायला लावतात.

– स्वयंपाक

———

मंडळी, मनापासून आभार. चटणी ठरली, चादर तर येणारच. लेझीम आणि हलगीचं राहिलं. चामड्याची हलगी कानाला खरी वाटते, घेऊ का? मूर्ती शाडूचीच घेणार आहोत, विसर्जन नेकार नदीत करता का?

– मेकॅनिकी चौकातून दोघं

———

चामड्याची हलगी नका आणू. आवाजाचं तुमचं खरं आहे, पण इथल्या सप्टेंबरच्या ओलाव्याने कातडं सैल पडतं. सोलापुरात वाजवणारे मध्येच जाळ करून हलगी शेकतात, हॉलमध्ये ते कोण करू देणार? शिवाय कातडं प्राण्याचं, विमानतळावर नसता प्रश्न. बोल्टने ताणायची फायबरची घ्या आणि बोल्टची किल्ली सोबत ठेवा. ती विसरली की हलगी म्हणजे ताट.

लेझीम हातातल्या बॅगेत नको, साखळी आणि दांडा बघून अडवतात. मोठ्या बॅगेत टाका. साखळी दांड्याभोवती गुंडाळून टॉवेलात बांधा, नाहीतर चकत्या वाकतात आणि मग झणकार न येता खडखडाट येतो. मंडळाकडे २० जोड्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा साखळ्यांच्या कड्या ढिल्या झाल्यात. नवी लेझीम आणण्यापेक्षा कड्या आणि चिमटा आणलात तर जास्त उपयोग.

नदीत विसर्जन नाही. परवानगीशिवाय पाण्यात काहीही सोडता येत नाही. टबमध्ये करतो. शाडू रात्रभरात विरघळते. वरचं पाणी झाडांना, गाळ बादलीत वाळवून बागेत. बेसिनमध्ये अजिबात नाही, बारीक माती नळीच्या वाकड्या भागात बसते आणि सिमेंटसारखी होते.

मूर्ती हातातल्या बॅगेत आणा. कच्ची शाडू मोठ्या बॅगेत तगत नाही, आधी सोंड जाते, मग कान. बऱ्याच कंपन्या हातातल्या बॅगेला ७-८ किलोच देतात, तेव्हा दुकानात उंची विचारायच्या आधी तराजूवर ठेवायला सांगा. उंची, पाटाची रुंदी आणि बॅगेची आतली मापं या धाग्यावर टाका. मखर त्यावरून कापायचंय.

– वाद्यं व विसर्जन