शब्द हवा: कृत्रिम पायाचं 'फिटिंग अँड अ‍ॅडजस्टमेंट'

मुक्ता_पुणे: अमेरिकन हॉस्पिटलांचं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे पेशंटच्या नोंदींना ठरलेले कोड लावते. सध्या नव्या मुलींना शिकवतेय, बऱ्याचजणी मराठी माध्यमातल्या म्हणून नोट्स मराठीत काढतेय आणि झेड ४४.१ ला अडकले. कृत्रिम पायाच्या फिटिंग-अ‍ॅडजस्टमेंटसाठी पेशंट आला की हा कोड, अख्खा कृत्रिम पाय उजवा असेल तर ४४.१११, डावा असेल तर ४४.११२. मी लिहिलं 'पाय बसवणे व जुळवून घेणे'. आमचे सर म्हणाले जुळवून माणूस घेतो, पाय नाही.

नाना जोशी: समायोजन. शुद्ध शब्द असताना अडलंय कुठे?

रानवारा: नाना, समायोजन म्हटलं की मला अतिरिक्त शिक्षकच आठवतात, आमच्या वडिलांचं दोनदा झालं. पायाला नका लावू तो शब्द.

खडूफळा: 'फिट करणे' घ्या सरळ. फिटणे मराठीच आहे की.

नाना जोशी: अहो उलटं आहे ते! आपलं फिटणे म्हणजे सुटणे. गाठ फिटली, कर्ज फिटलं, डोळ्यांचं पारणं फिटलं. पाय फिटला म्हणाल तर निघून पडला असा अर्थ होईल.

एकपायी: माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही, १४ वर्षं झाली. पहिल्या वर्षी खुंट, म्हणजे उरलेला पाय, आटत जातो, सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट (खुंट आत बसतो तो कृत्रिम पायाचा भाग) संध्याकाळी ढिलं, मग एक मोजा, दोन मोजे, तीन, आणि तरी हाड खाली टेकायला लागलं की मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत चक्कर. तिथे दुखऱ्या जागी लिपस्टिक लावतात, पाय चढवून चार पावलं चालायला लावतात, आत जिथे लाल डाग उमटेल तेवढंच घासतात. आम्ही त्याला 'पाय घासून आणणे' म्हणतो. आणि मुक्ताताई, तुमचं जुळवून घेणं चूक नाही हो, सॉकेट थोडं जुळतं, बाकीचं आपण जुळवून घेतो.

मुक्ता_पुणे: दादा, हे उद्या वर्गात जसंच्या तसं सांगणार. लिपस्टिकचं मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्यासाठी दुसरा कोड झेड ८९.५१२ लागेल, 'अ‍ॅक्वायर्ड अ‍ॅबसेन्स', म्हणजे जन्मापासून नसलेला नव्हे, नंतर गेलेला. एका तयार भाषांतरात 'संपादित अनुपस्थिती' दिलंय. संपादन गुणांचं करतात, पाय गेल्याचं कसं म्हणायचं?

रानवारा: 'पाय गमावलेला' लिहा.

खडूफळा: पण पाय म्हणजे लेग की फूट? जयपूर फूट १९६८ चं, नाव फूट, आणि आमच्या गावात गुडघ्यापासूनच्या अख्ख्या पायालाच जयपूर फूट म्हणतात.

नाना जोशी: फूटला पाऊल आहे. मराठी नीट वापरा म्हणजे घोळच होत नाही.

एकपायी: नाना, मी पाऊल आणायला जातो असं घरी कधीच म्हणालो नाही. पायच म्हणतो.

नाना जोशी: बोलण्यात चालेल, नोट्समध्ये नाही. आणि फिटणेचं कुणी उत्तर दिलं नाही.