मदत हवी आहे: जिप्सीच्या मागच्या डिफरन्शियलचं ऑईल काढून बसलोय, आता भरायचा प्लगच निघत नाही

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची जिप्सी किंग, दुसऱ्या हातची. मुक्काम पाटण.

गेल्या आठवड्यात एक ओढा ओलांडताना गाडी मधोमध अडकली. वीसेक मिनिटं दोन्ही अॅक्सल पाण्याखाली होते. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. आज सुट्टी होती, म्हणून म्हटलं दोन्ही डिफरन्शियलचं (अॅक्सलच्या मधला, डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गियरसंच) ऑईल आपणच बदलू. मागचा ड्रेन प्लग खोलला तर दुधाळ चहासारखं पाणीमिश्रित ऑईल आईच्या घमेल्यात पडलं. (वास सगळ्या घरात. घमेलं नवीन आणून द्यायचं ठरलंय.)

नंतर वरचा, भरायचा प्लग फिरवायला गेलो, तो हलेना. पान्याला पाईप लावून जोर दिला तशा प्लगच्या कडा गोल झाल्या. आता हाउसिंग (डिफरन्शियलचं लोखंडी कवच) रिकामं आहे आणि सोमवारी गाडी लागणार आहे. गॅरेज १४ किमीवर. तिथवर अशीच हळू नेली तर चालेल का?

शिवाय मेकॅनिक फोनवर म्हणाला, "नव्वद नंबर टाका." दुकानदाराने जीएल-४ (गियर ऑईलचा दर्जा) लिहिलेला डबा दिला. तो चालेल का? व्हिडिओंत लोक मागचं झाकण खोलतात, माझ्या गाडीला तसं झाकण दिसतच नाही.

घाटरस्ता

रिकाम्या हाउसिंगवर १४ किमी तर सोडाच, गल्लीच्या टोकापर्यंतही नेऊ नका. क्राऊन-पिनियन (आतले मुख्य गियर) गेलं तर ऑईलच्या कितीतरी पट खर्च.

बाकी, आधी भरायचा प्लग सैल करायचा आणि मगच खालचा खोलायचा. हे सगळ्यांना एकदाच कळतं, आणि याच पद्धतीने कळतं. माझंही असंच झालं होतं.

नव्वदनंबरी

क्रमाने सांगतो.

तो डबा परत करा. "नव्वद नंबर" हा फक्त घट्टपणा झाला. डिफरन्शियलमधले हायपॉइड गियर एकमेकांवर घासत फिरतात, तिथे जीएल-५ च लागतं. ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, असं डब्यावर स्पष्ट छापलेलं पाहून घ्या. उलट तेच ऑईल गियरबॉक्समध्ये मात्र मॅन्युअल बघितल्याशिवाय ओतू नका, कारण जीएल-५ मधली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रोनायझरला (गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) खाऊ शकतात.

मागे दीड लिटर बसतं, पुढे दोन. हो, पुढेच जास्त, वाचण्यात चूक नाही. लिटरचे चार डबे आणा.

झाकण शोधू नका. व्हिडिओतल्या त्या अमेरिकन जीपांचं झाकण बोल्टने काढता येतं. जिप्सीच्या हाउसिंगची पाठ बंद असते, डिफरन्शियल प्रोपेलर शाफ्टच्या बाजूने निघतं. आपल्याला फक्त दोन प्लग.

आता अडकलेला प्लग. भोवतालचा चिखल तारेच्या ब्रशने खरवडा, डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा स्प्रे) मारा आणि रात्रभर सोडा. सकाळी प्लगच्या बरोबर मध्यावर हातोडीचे आठ-दहा ठोके द्या. जोरात नको, आट्यांतला गंज सुटण्यापुरते. मग छिन्नी कडेला तिरपी लावून उलट्या दिशेने ठोका. उलटी म्हणजे प्लगकडे तोंड करून डावीकडे. गाडीखाली आडवं पडलं की भलेभले गडबडतात आणि आवळत बसतात.

कुळेकर

वेल्डिंगवाल्याला बोलावून त्यावर नट चिकटवून घ्या. तापला की लगेच सुटतो.

नव्वदनंबरी

@कुळेकर, गाडी बाहेर काढलेली असती तर हो म्हणालो असतो. जिप्सीची पेट्रोलची टाकी मागेच आहे, आणि हाउसिंगमध्ये ऑईलची वाफ. घराच्या अंगणात नको.

घाटरस्ता

प्लग नाहीच निघाला तर ब्रीदरवाटे भरा. हाउसिंगच्या वरच्या बाजूला छोटा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची तोटी, असते. ती खोलून त्या भोकात बारीक नळी घाला, नरसाळ्याने हळूहळू दीड लिटर मोजून ओता. वेळ जाईल. पातळी तपासता येणार नाही, म्हणून मोजमाप चुकवू नका. हे गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं.

आणि पाणी आत आलंच कसं, तेही बघा. रस्त्यावर पळून हाउसिंग तापलेलं असतं. तशीच गाडी गार ओढ्यात घातली की आतली हवा आकसते आणि बाहेरून पाणी ओढलं जातं. ब्रीदर चोंदला असेल तर सीलच्या कडेने येतं. ब्रीदरला लांब नळी लावून ती वर, चेसिसच्या उंचीला बांधा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हाच प्रश्न परत विचाराल.

कुळेकर

ते खरं. आमच्याकडे दूधसागरच्या जीपा रोज पाण्यातून जातात. पाण्याच्या आधी जरा थांबायचं, अॅक्सल निवू द्यायचा. मी आत थोडं डिझेल फिरवून हाउसिंग धुवून घेतो, सगळी घाण येते.

नव्वदनंबरी

डिझेल नको. आत थोडं उरतंच, आणि नवं ऑईल पातळ होतं. त्यापेक्षा आता साधं जीएल-५ भरा, शंभरेक किमी चालवा, परत काढा. दीड लिटर जास्त गेलं तरी बेअरिंगपेक्षा स्वस्त. ड्रेन प्लगवर करडा मऊ लगदा असेल तर काळजी नाही. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर फोटो टाका. गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) उघडून बघा, पाणी तिथेही गेलेलं असू शकतं.

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे आभार. प्लग निघाला! रात्री दोनदा डब्ल्यूडी-४०, सकाळी हातोडी, मग छिन्नी. चौथ्या ठोक्याला "कट्" आवाज आला. खरं सांगतो, काल मी तो आवळतच होतो.

जुना प्लग टाकून नवा आणला. गाडी सपाटीवर, जॅक न लावता, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑईल भरलं. साधारण दीडच बसलं. लगदाच निघाला, तुकडे नाहीत. ट्रान्सफर केसचं ऑईल स्वच्छ आहे. जुनं ऑईल कॅनमध्ये भरून ठेवलंय, गॅरेजवाला घेतो म्हणाला.

मग पुढचं डिफरन्शियल घेतलं, तिथे मात्र आधी भरायचा प्लग सैल केला, मगच खालचा. पण दोन लिटरच्या जागी जेमतेम सव्वा लिटर निघालं, आणि डाव्या चाकाच्या नकलखाली (चाक वळतं त्या सांध्याखाली) ग्रीस-ऑईलचा काळा रबडा साचलाय. आतलं सील गेलं असावं ना? ते घरी होईल का, की तेवढ्यासाठी गॅरेजच?

नव्वदनंबरी

सीलच. होईल घरी, पण हब आणि नकल खोलावं लागेल, एका सुट्टीत उरकत नाही. तोवर दोन लिटर भरून ठेवा आणि दर आठवड्याला पातळी बघा. चाक काढून फोटो टाका, मग सांगतो.