‘मेझरमेंट्स’ला मराठीत काय म्हणावं?

बोरूबहाद्दर: पोलिसांना आरोपींच्या ओळखखुणा घेऊ देणाऱ्या 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याचा अनुवाद ‘मेझरमेंट्स’पाशी अडलाय. बोटांचे ठसे, बुबुळाचं स्कॅन, सही, जैविक नमुने, त्यांचं पृथक्करण, सगळं याच शब्दात कोंबलंय. ‘मोजमापे’ लिहावं, तर रक्ताचा थेंब कुठल्या फूटपट्टीने मोजायचा?

गावठी: ‘मापं’ तर मुळीच नको. कोल्हापूरकडे ‘आरोपीची मापं काढली’ म्हणजे त्याची टर उडवली.

पोथीनिष्ठ: शब्द 1920 च्या कैदी ओळख कायद्यातला. तिथेही बोटांच्या ठशांना मापच म्हटलंय. कायद्याने व्याख्या दिली की विषय संपला. ‘मोजमापे’ ठेवा.

उसवण: त्या व्याख्येत ‘डीएनए’ हा शब्दच नाही, तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 53 च्या वाटेने आत येतो. वाचणाऱ्याला निदान कळू दे की अंगातलं काही घेणार आहेत. ‘देहनोंदी’ करा.

पोथीनिष्ठ: सही ही देहनोंद?

कापूसबोळा: त्याहून मोठी गल्लत ‘नमुना’ शब्दात आहे. गालाच्या आतून फिरवलेला बोळा हा नमुना. तो ओला बंद केला की बुरशी धरते, डीएनए खराब होतो. म्हणून वाळवून कागदी पाकिटात घालायचा. त्यातून निघते ती आकड्यांची यादी: डीएनएतल्या ठरावीक जागी एकच तुकडा किती वेळा पुन्हा येतो, ते आकडे. कायद्यात 75 वर्षं ठेवायचं ते रेकॉर्ड, आणि पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर (कोर्टाने वेगळं सांगितलं नाही तर) नष्ट करायचं तेही रेकॉर्डच. बोळा आणि यादी, दोन्हींना ‘नमुना’ म्हटलंत, तर बोळ्याचं काय होतं हा प्रश्नच मराठीत उरणार नाही. ब्रिटनच्या 2012 च्या कायद्यात डीएनएच्या नमुन्याला वेगळी मुदत आहे, साधारण सहा महिने.

उसवण: यादीला ‘जनुकपत्रिका’ कसं वाटतं?

कापूसबोळा: दोन्ही अर्ध्यांना हरकत. तपासतात त्या वीसेक जागा प्रथिनं न घडवणाऱ्या भागातल्या. त्यावरून रंग-रोग सहसा कळत नाही, म्हणून ‘जनुक’ नको. नातं मात्र कळतं. नोंद एकाची, भाऊ आपसूक टप्प्यात. हे ‘पत्रिका’ शब्दात कुठे आलं?

गावठी: आणि पेपरात छापतात ‘डीएनए जुळला’! दोघातिघांच्या मिश्र डागात प्रयोगशाळा बऱ्याचदा एवढंच म्हणते, ‘अमुक व्यक्तीला वगळता येत नाही’.

पोथीनिष्ठ: हे इंग्रजीचं कलेवर आहे. सरळ ‘सुटत नाही’ म्हणा.

कापूसबोळा: म्हणजे कोर्टाआधीच निकाल!

उसवण: मापं काढणं सोलापूरकडेही म्हणतात का?