‘बालखुनी’ : मारणारं मूल की मुलाला मारणारा?

शब्दवेडी
एका मोठ्या लेखाचा अनुवाद करतेय. विषय १९९३ मधलं लिव्हरपूलजवळचं प्रकरण: १० वर्षांच्या दोन मुलांनी २ वर्षांच्या बाळाला बाजारसंकुलातून हात धरून नेलं आणि रेल्वेमार्गावर मारलं. लेखाचा भर खटल्यावर नाही. अशा बातम्या वाचताना आपल्या मनात काय काय उसळतं त्यावर आहे. शीर्षकात मी ‘बालखुनी’ लिहिलं आणि खर्डा दोघांना वाचायला दिला. एकीला वाटलं, मुलांचे खून करणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल असणार. दुसऱ्याने नेमका उलटा अर्थ घेतला. दोघंही ठाम आहेत. हा शब्द लेखात पानोपानी येतो, त्यामुळे दर वेळी ‘खून करणारी लहान मुलं’ असं लिहीत बसले तर वाक्यं जड होतात. काय वापरावं?

समासवाला
व्याकरणाने दोघंही बरोबर, हीच अडचण आहे. शेवटी ‘हत्या’ आली की पहिलं पद मेलेल्याचं असतं: भ्रूणहत्या, गोहत्या, आत्महत्या. म्हणून बालहत्या म्हणजे मुलाची हत्या, त्यात वाद नाही. शेवटी कर्ता आला की ‘बाल’ सहसा त्याचं विशेषण होतं: बालकलाकार, बालकामगार, बालगुन्हेगार. ‘खुनी’ हा कर्ताच, म्हणून दुसऱ्या वाचकाने कर्मधारय लावला. पण खून म्हटला की ‘कुणाचा?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि पहिलीने त्याचं उत्तर ‘बाल’मध्ये शोधलं. तत्पुरुष, म्हणजे ‘बालांचा खुनी’, हाही तितकाच खरा. समास सोडवून दाखवल्याशिवाय हा शब्द एकट्याने उभा राहणार नाही.

रानजाई
‘बालहत्यारे’ केलं तर?

जुना वाचक
नको. ‘हत्यारा’ मला हिंदी बातम्यांतला वाटतो. मराठीत खुनी आहे, मारेकरी आहे. शिवाय ‘हत्यारे’ वाचलं की मला आधी शस्त्रंच दिसतात.

रानजाई
काका, ‘खून’ तरी कुठला आपला? फारसीत त्याचा अर्थ रक्त, हिंदीत अजूनही रक्तही. आपण रक्त सोडलं आणि कृत्य तेवढं ठेवलं. आणि मारेकरी इथे बसतच नाही. मारेकरी ठरवून आलेला असतो, बहुतेक वेळा कुणीतरी घातलेला.

जुना वाचक
मारेकऱ्याबद्दल मान्य. पण फारसी शब्द कित्येक पिढ्या मराठीत नांदलेत, त्यांची रूपं आपण घडवली. ‘हत्यारा’ने असं काय केलंय? माझा आक्षेप परकेपणाला नाही, उसनवारीच्या घाईला आहे.

कायदेकानू
सरकारी कागदांत ‘बालगुन्हेगार’सुद्धा मागे पडलाय. १९८६ च्या कायद्यानंतर ‘अपचारी’ चालत असे. आता पोलिसांच्या पत्रकात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, मुलाबाबतच्या कामकाजात आरोपाचा सूर असलेले शब्द वापरू नयेत, हे तत्त्व म्हणूनच नोंदवलंय. त्याच कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलाने घोर अपराध केला असेल, तर बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक चाचपणीनंतर त्याला मोठ्यांसारखं खटल्याला उभं करण्याची वाटही ठेवलीय. म्हणजे शब्द मऊ होत गेले आणि वयाची रेघ खाली आली, दोन्ही एकाच कायद्यात.

मधुमालती
‘विधिसंघर्षग्रस्त’ वाचून माझा संताप होतो. ‘ग्रस्त’ आपण कुणाला म्हणतो? पूरग्रस्ताला, दुष्काळग्रस्ताला. ज्याच्यावर काहीतरी कोसळलंय त्याला. इथे कुणाचं तरी मूल मारलं गेलंय, आणि ग्रस्त कोण, तर मारणारा? ज्या आईचं बाळ गेलं तिने हा शब्द वाचला तर तिला काय वाटेल, याचा विचार शब्द घडवणाऱ्याने करायला हवा होता.

पाटीपेन्सिल
मधुमालतीताई, तुमचा राग समजतो. पण उलटी बाजूही बघा. मेलेलं मूल बातमीत ‘चिमुकला’, ‘चिमुरडा’ असतं आणि मारणारं ‘अल्पवयीन’. मी प्राथमिक शाळेत शिकवते. १० वर्षांचं मूल रस्त्यात हरवलं तर त्याच बातमीदाराच्या लेखी ते चिमुकलंच असेल. त्याने खून केला की ते एका रात्रीत ‘अल्पवयीन’ होतं, आणि लोकांच्या तोंडी तर ‘राक्षस’, ‘सैतान’. आपण आधी त्याचं मूलपण काढून घेतो, मग त्याचा राग राग करणं सोपं जातं. लिव्हरपूलच्या खटल्यात त्या दोघांना प्रौढांच्या न्यायालयात बसवलं होतं, आणि त्यांना पलीकडचं दिसावं म्हणून पिंजऱ्यातली जागा उंच करून घ्यावी लागली होती. हे वाचल्यापासून मला ‘राक्षस’ म्हणवत नाही.

मधुमालती
मी राक्षस म्हटलंच नाही. ग्रस्त म्हणू नका, एवढंच म्हटलंय.

शब्दवेडी
लेखात याच्याशी जुळणारी एक जागा आहे, तिथेही अडले आहे. लेखक म्हणतो, ती छायाचित्रं पाहून लोक हादरले, कारण चेहरे अगदी ‘निरागस’ होते. तिथे निरागस चालेल?

समासवाला
अर्थाने बघाल तर तिथे तो शब्द फारच टोकदार होतो. संस्कृतात ‘आगस्’ म्हणजे अपराध, पाप. निर् + आगस् म्हणजे ज्याच्या हातून अपराध घडलेला नाही असा. खून सिद्ध झालेल्या मुलाला निरागस म्हणणं म्हणजे निकालच फिरवणं.

रानजाई
मला शाळेत ‘राग नसलेला तो निरागस’ असं शिकवलं होतं. आजी पण तसंच सांगायची, आणि मला ते जास्त पटतं.

समासवाला
निर् आणि राग यांचा संधी ‘नीराग’ होतो, पहिला दीर्घ. आणि तुमच्या फोडीत शेवटचा ‘स’ कुठून येतो?

रानजाई
व्युत्पत्ती तुमची बरोबर असेल. पण आज निरागस म्हणताना कुणाच्याही मनात अपराध येत नाही, कोवळा चेहरा येतो. शब्दाचा अर्थ लोकांच्या मनात असतो.

पाटीपेन्सिल
पण लोक हादरतात ते जुन्या अर्थामुळेच ना? लहान चेहरा आणि निरपराधपण हे आपण एकाच शब्दात बांधून टाकलंय. मग चेहरा तोच राहतो आणि अपराध सिद्ध होतो, तेव्हा आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. त्या मुलाने आपल्याला कधी काही वचन दिलेलं नसतं. माझं मत विचाराल तर शब्दवेडीने ‘निरागस’च ठेवावा, तिथे तो दोन्ही अर्थांनी काम करेल.

कायदेकानू
इंग्लंडमध्ये तेव्हा १० ते १४ वयाच्या मुलाला भल्याबुऱ्याची जाण नसते असं कायदा धरून चालत असे. आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. नुसती खोडी कळणं पुरेसं नव्हतं, कृत्य गंभीरपणे वाईट आहे हे कळायला हवं होतं. त्या खटल्यात ते सिद्ध झालं. पुढे १९९८ मध्ये ते गृहीतकच काढून टाकलं. १९९९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने मात्र सांगितलं की एवढ्या लहान मुलांना त्या खटल्यात नीट भाग घेता आला नाही, म्हणून तो न्याय्य नव्हता. आपल्याकडे ७ वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य अपराध ठरत नाही. ७ ते १२ मध्ये समज कितपत होती ते बघतात. भारतीय न्याय संहितेतही, कलम २० आणि २१, हे तसंच राहिलंय.

तुळशीमाळ
वयाची रेघ आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वातले मांडव्य ऋषी आठवा. लहानपणी त्यांनी किड्यांना काडी टोचली, म्हणून मोठेपणी सुळावर चढावं लागलं. त्यांनी यमधर्मालाच जाब विचारला आणि शाप दिला, तोच पुढे विदुर होऊन जन्मला. आणि त्यांनी मर्यादा घालून दिली: १४ वर्षांपर्यंत पातक लागणार नाही. शिक्षा भोगलेल्या माणसाने ती घातली, हे मला मोठं वाटतं.

मधुमालती
किडे आणि बाळ एका मापाने मोजू नका.

तुळशीमाळ
मापाबद्दल बोलत नाही, ताई. करणाऱ्याच्या वयाबद्दल बोलतोय.

वाटसरू
उशिरा आलो, सगळं वाचलं. समासाच्या मागे का लागताय? मराठीने क्रियापदात सोय केलेली आहे. ‘त्याने खून केला’ आणि ‘त्याच्या हातून खून झाला’. मुलांसाठी दुसरी रचना वापरा: ‘ज्यांच्या हातून खून झाला अशी मुलं’. कृत्य लपत नाही आणि मूलही मूल राहतं.

मधुमालती
ही रचना मला सगळ्यात जास्त खटकते. हातून कप फुटतो, हातून चूक होते. त्या बाळाला ती मुलं दोन-अडीच मैल चालवत घेऊन गेली, वाटेत कितीतरी लोकांनी पाहिलं. याला ‘हातून झालं’ म्हणायचं?

वाटसरू
‘हातून पाप घडलं’ असंही म्हणतात, आणि म्हणणारा त्यात स्वतःला सोडवत नसतो. बहुतेकदा पश्चात्तापच असतो.

मधुमालती
ते त्याने स्वतःबद्दल म्हणावं. दुसऱ्याने त्याच्या वतीने म्हणू नये.

पाटीपेन्सिल
हे मला पटलं. पण नॉर्वेचं उदाहरण बघा. १९९४ मध्ये ट्रॉन्हाइममध्ये ५ वर्षांच्या मुलीला ६ वर्षांच्या आसपासच्या मुलांनी मारलं. तिथे जबाबदारीचं वय १५. मुलांची नावं छापली नाहीत, खटला नाही, त्यांना पुन्हा इतर मुलांमध्ये घेतलं. दुःख तिथेही तेवढंच होतं. ते लोक त्या मुलांबद्दल आपसात कोणत्या वाक्यात बोलत असतील, ते मला ऐकायचंय. तिथे ‘केलं’ की ‘झालं’?

शब्दवेडी
शीर्षकाचं अजून ठरलेलं नाही. सध्या ‘खून करणारी मुलं’ ठेवलंय, आत जमेल तिथे ‘ती दोघं’. ‘निरागस’ ठेवतेय.

जुना वाचक
‘ती दोघं’ चांगलं. कायदेकानू, एक शंका. जमिनीच्या उताऱ्यावर अ.पा.क. लिहितात, अज्ञान पालन कर्ता. म्हणजे कायद्याच्या मराठीत १८ च्या आतला तो ‘अज्ञान’. मग फौजदारीत ‘अल्पवयीन’ का? ‘अज्ञान’ असता तर वयाऐवजी समजेकडे लक्ष गेलं असतं.

समासवाला
‘अज्ञान’ मुळात भाववाचक नाम, माणसाला लावायचं तर ‘अजाण’ हवं.

कायदेकानू
‘सज्ञान’ चालतो तर त्याच्या उलट ‘अज्ञान’ का चालू नये? शंभर वर्षांच्या खरेदीखतांत तोच आहे.

समासवाला
सज्ञान बहुव्रीही आहे, म्हणजे ‘ज्ञान असलेला तो’. अज्ञानचा बहुव्रीही करता येतो, पण मग तो विशेषण म्हणूनच वापरा, ‘एक अज्ञान’ असं नाम करू नका.